नेमसर्व्हर : नामसंकेताची व्यवस्था आणि तिची स्वतंत्र उभारणी

१. विषयप्रवेश

नाम आणि नामी ह्यांचा संबंध नित्य आहे की संकेताने ठरविलेला, हा प्रश्न भाषाविचाराइतकाच जुना आहे. मीमांसकांनी तो नित्य मानला, नैयायिकांनी संकेतरूप मानला आणि आधुनिक काळात सोस्यूरने चिन्हाच्या यादृच्छिकतेचे तत्त्व मांडून त्या वादाला निराळे वळण दिले. संगणकांच्या जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या नावांच्या बाबतीत मात्र ह्या वादास मुळीच जागा नाही. तेथे नामाचा नामीशी असलेला संबंध निखालस सांकेतिक असतो. इतकेच नव्हे, तर तो कोणी ठरविला व किती काळापुरता ग्राह्य धरावयाचा, ह्याची लेखी नोंद असते. ही नोंद ज्या यंत्रावर ठेवलेली असते व विचारणाऱ्यास जे यंत्र ती सांगते, त्यास नेमसर्व्हर असे म्हणतात.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु विद्यापीठांचे विभाग, कोशमंडळे आणि ग्रंथालये आपल्या शब्दसूच्या, बोलींची ध्वनिमुद्रणे व प्रबंध जालावर ठेवू लागल्यापासून त्याचा संबंध थेट संशोधनाशी येऊन पोहोचला आहे. प्रबंधाच्या तळटीपेत पूर्वी पृष्ठांक येत असे, तेथे आता कित्येकदा संकेतस्थळाचे नाव येते. ते नाव उत्तर देईनासे झाले, तर त्यामागील साठा यंत्रावर शाबूत असूनही वाचकाच्या दृष्टीने तो नाहीसा झाल्यातच जमा होतो. सामग्री जपली, परंतु तिच्या नावावरील अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला, तर जतनाचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागते. ह्यास्तव नेमसर्व्हर म्हणजे काय, संस्थेने तो स्वतःच्या नावाने कसा उभारावा आणि ह्या उभारणीत कोणते दोष संभवतात, ह्यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. एका यादीकडून श्रेणीबद्ध रचनेकडे

जाळ्यातील प्रत्येक यंत्राची ओळख एका अंकरूप पत्त्याने होते. यंत्रास अंक सोयीचे असतात, माणसास नाव सोयीचे असते. आर्पानेटच्या काळात ही दोन टोके जोडण्याचे काम एका साध्या यादीने होत असे. ‘होस्ट्स’ ह्या नावाची ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहितीकेंद्रात ठेवली जाई आणि इतर ठिकाणची यंत्रे तिची प्रत वेळोवेळी उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढत गेली, तेव्हा ह्या पद्धतीतील उणिवा स्पष्ट झाल्या. एकच नाव दोघांनी घेण्याचा संभव वाढला, प्रती एकमेकींशी जुळेनाशा झाल्या आणि प्रत्येक लहान बदलासाठी एका मध्यवर्ती कार्यालयावर अवलंबून राहणे अवघड झाले.

ह्यावरील उपाय पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी १९८३ मध्ये मांडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी आरएफसी ८८२ व ८८३ हे दोन निबंध प्रसिद्ध केले आणि १९८७ मध्ये त्यांची जागा आरएफसी १०३४ व १०३५ ह्या निबंधांनी घेतली. आज चालू असलेल्या व्यवस्थेचा पाया ह्या दुसऱ्या जोडीवर आहे. मॉकापेट्रिस ह्यांच्या योजनेचे सार एका वाक्यात सांगता येते : सर्व नावे एकाने जाणण्याची आवश्यकता नाही, अमुक गटातील नावे कोणास विचारावीत एवढे प्रत्येकाने जाणले म्हणजे पुरे. ह्या तत्त्वानुसार नावांचे एक उलटे झाड कल्पिले आहे. सर्वांत वर मूळ, त्याखाली ‘कॉम’, ‘इन’, ‘भारत’ ह्यांसारखी शिरोनामे आणि त्यांखाली संस्थांची व व्यक्तींची नावे. वरचा प्रत्येक स्तर खालच्या स्तरावरील अधिकार दुसऱ्यास सोपवितो. ज्या भागापुरता अधिकार सोपविला गेला, त्या भागास झोन म्हणतात.

३. विचारणा आणि आप्तवाक्य

एखाद्या वाचकाने संकेतस्थळाचे नाव टंकित केले म्हणजे पुढील व्यवहार घडतो. वाचकाचे यंत्र आपला प्रश्न रिझॉल्व्हर नावाच्या शोधक सर्व्हरकडे पाठविते. रिझॉल्व्हरला उत्तर ठाऊक नसेल, तर तो मुळाच्या सर्व्हरला विचारतो. मुळाचा सर्व्हर पूर्ण उत्तर देत नाही. त्या शिरोनामाचे नेमसर्व्हर कोणते, एवढेच तो सांगतो. ते नेमसर्व्हर पुढे संस्थेच्या नेमसर्व्हरकडे बोट दाखवितात आणि शेवटी संस्थेचा नेमसर्व्हर नेमका पत्ता देतो. ह्या साखळीत अखेरच्या दुव्याचे उत्तर तेवढे अधिकृत होय.

शब्दाचा अर्थ कळण्याची जी साधने प्राचीन ग्रंथकारांनी सांगितली, त्यांत व्याकरण, कोश, व्यवहार ह्यांच्याबरोबर आप्तवाक्याचाही समावेश आहे. नेमसर्व्हरचे अधिकृत उत्तर हे ह्या अर्थाने आप्तवाक्य आहे. रिझॉल्व्हरने पूर्वी ऐकून स्मरणात ठेवलेले उत्तर हे त्याचे अनुवचन होय. दोन्ही उत्तरे शब्दशः सारखी असू शकतात. तथापि पहिले प्रमाण आहे व दुसरे पहिल्यावर अवलंबून आहे. ह्या भेदाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

मुळाच्या सर्व्हरचा पत्ता कोणास विचारावयाचा, अशी शंका येथे उपस्थित होते. तोही कोणास तरी विचारावयाचा असेल, तर अनवस्था प्राप्त होईल. ती टाळण्यासाठी मुळाच्या सर्व्हरची १३ नावे व त्यांचे पत्ते प्रत्येक रिझॉल्व्हरमध्ये आधीच लिहून ठेवलेले असतात. ही १३ नावे १२ संस्था चालवितात. त्या नावांखाली प्रत्यक्षात जगभर पसरलेली हजाराहून अधिक यंत्रे काम करतात आणि प्रश्न बहुधा जवळच्या यंत्राकडे जातो.

४. स्वतःच्या नावाचा नेमसर्व्हर

सामान्यतः एखादी संस्था होस्टिंग कंपनीकडून सर्व्हरवरील जागा भाड्याने घेते आणि डोमेनची नोंदणी रजिस्ट्रारकडे करते. मग कंपनीने कळविलेली तिच्या नेमसर्व्हरची नावे ती रजिस्ट्रारकडे भरते. ह्या पद्धतीत डोमेन संस्थेचे असले, तरी त्याविषयीचे अधिकृत वचन कंपनीच्या नावाने दिले जाते. ह्याऐवजी नेमसर्व्हरची नावे संस्थेच्याच डोमेनखाली घेणे ह्यास स्वतःच्या नावाचा नेमसर्व्हर, अथवा रूढ भाषेत कस्टम नेमसर्व्हर, असे म्हणतात.

ह्याचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिल्या प्रकारात नाव तेवढे संस्थेचे असते. त्यामागील यंत्र कंपनीचेच असते. दुसऱ्या प्रकारात यंत्रही संस्थेच्या ताब्यात असून त्यावर बाइंड, पॉवरडीएनएस किंवा एनएसडी ह्यांसारखी नेमसर्व्हरची आज्ञावली संस्था स्वतः चालविते. पहिल्या प्रकारात श्रम कमी व स्वातंत्र्य मर्यादित, तर दुसऱ्यात स्वातंत्र्य अधिक व त्याच प्रमाणात जबाबदारीही अधिक.

ह्या योजनेचा खरा लाभ स्थलांतराच्या वेळी दिसून येतो. एखाद्या विद्यापीठाची विभाग, नियतकालिके व प्रकल्प मिळून ४० डोमेने आहेत आणि ती सर्व कंपनीच्या नेमसर्व्हरच्या नावांना बांधलेली आहेत, असे समजा. कंपनी बदलावयाची झाल्यास ४० ठिकाणी बदल करावा लागेल. कोठे पासवर्ड सापडणार नाही, कोठे नोंदणी निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या नावावर निघेल. तीच ४० डोमेने विद्यापीठाच्या स्वतःच्या दोन नेमसर्व्हरच्या नावांना बांधलेली असली, तर सर्व झोनच्या नोंदी नव्या यंत्रांवर उतरवून त्या दोन नावांचे पत्ते तेवढे बदलावे लागतात. नाव स्थिर ठेवून नामी बदलण्याची ही सोय म्हणजेच नामव्यवस्थेचे मूळ प्रयोजन होय. येथे ते एक पायरी वर, नेमसर्व्हरच्याच बाबतीत, उपयोगात आणलेले असते.

५. अन्योन्याश्रय आणि ग्लू रेकॉर्ड

परंतु नेमसर्व्हरचे नाव त्याच डोमेनखाली घेताच एक तार्किक अडचण उत्पन्न होते. पुढील विवेचनासाठी ‘उदाहरण.परीक्षा’ हे नाव घेऊ. ते काल्पनिक नाही. देवनागरी नावांची चाचणी घेण्यासाठी २००७ मध्ये ते मुळाखाली निर्माण करण्यात आले होते आणि २०१३ मध्ये ‘परीक्षा’ हे शिरोनाम मुळातून काढून टाकण्यात आले. आज ते कोणाच्याही वापरात नसल्यामुळे दृष्टान्तास निर्धोक आहे.

‘उदाहरण.परीक्षा’ ह्या झोनचे नेमसर्व्हर ‘एनएस१.उदाहरण.परीक्षा’ व ‘एनएस२.उदाहरण.परीक्षा’ असे ठरविले, असे मानू. रिझॉल्व्हर ‘परीक्षा’ ह्या शिरोनामाच्या नेमसर्व्हरला विचारतो : उदाहरणाविषयी कोण सांगेल? उत्तर येते : एनएस१.उदाहरण.परीक्षा. आता ह्या एनएस१ चा पत्ता कोण सांगेल? तो उदाहरणाच्या झोनमध्ये आहे आणि त्या झोनचे आप्तवाक्य एनएस१ वाचून मिळत नाही. एनएस१ चा पत्ता कळल्याशिवाय झोन कळत नाही आणि झोन कळल्याशिवाय एनएस१ चा पत्ता कळत नाही. ह्यालाच न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

ह्या दोषाचे निवारण वरच्या स्तराकडून होते. ‘परीक्षा’ हे शिरोनाम नेमसर्व्हरची नावे सांगतानाच त्यांचे अंकरूप पत्तेही सोबत सांगते. वरच्या स्तरावर ठेवलेल्या ह्या जोडनोंदीस ग्लू रेकॉर्ड म्हणतात. ग्लू म्हणजे चिकटविण्याचा डिंक. दोन स्तरांमधील तुटलेला दुवा ही नोंद चिकटविते, म्हणून हे नाव सार्थ आहे. ह्या नोंदीची आवश्यकता नेमसर्व्हरचे नाव सोपविलेल्या झोनच्या आतच असते तेव्हा पडते. तोच नेमसर्व्हर निराळ्या शिरोनामाखालील दुसऱ्या डोमेनसाठी वापरला, तर तेथे स्वतंत्र ग्लूची गरज नसते, कारण त्याचा पत्ता काढण्याचा मार्ग आधीच मोकळा झालेला असतो.

पुष्कळांची उभारणी नेमकी येथेच फसते. सर्व्हरवरील झोनमध्ये एनएस१ चा पत्ता लिहिला म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. वस्तुतः तो पत्ता दोन ठिकाणी लिहावा लागतो. एक, स्वतःच्या झोनमध्ये, आप्तवाक्य म्हणून. आणि दोन, रजिस्ट्रारमार्फत वरच्या स्तरावर, ग्लू म्हणून. ह्या दोन नोंदींत मतभेद झाल्यास वाचकास कधी योग्य उत्तर मिळते, कधी मिळत नाही. आणि असा मधूनमधून प्रकट होणारा दोष शोधणे सर्वांत कठीण असते.

६. उभारणीचा क्रम

उभारणी कोणत्या क्रमाने करावी, ह्याला महत्त्व आहे. जो नेमसर्व्हर उत्तर देण्यास अद्याप सिद्ध नाही, त्याच्याकडे अधिकार सोपविणे म्हणजे वाचकास बंद दाराशी नेऊन सोडणे होय. अशा सोपवणीस तंत्रज्ञ लंगडी सोपवणी म्हणतात.

पहिली पायरी यंत्रांची. एकमेकांपासून स्वतंत्र अशा जाळ्यांवर दोन यंत्रे व त्यांना न बदलणारे पत्ते असावेत. दृष्टान्तादाखल एनएस१ ला १९२.०.२.१० व एनएस२ ला १९८.५१.१००.२० हे पत्ते देऊ. ह्या दोन्ही मालिका लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत. दोन्ही यंत्रांवर नेमसर्व्हरची आज्ञावली बसवून ५३ क्रमांकाचे पोर्ट यूडीपी व टीसीपी ह्या दोन्ही रीतींसाठी उघडे ठेवावे. यूडीपी तेवढे उघडून टीसीपी बंद ठेवल्यास लहान उत्तरे पोहोचतात, मोठी उत्तरे अडतात आणि झोनची प्रत दुय्यम सर्व्हरवर उतरत नाही. त्याचप्रमाणे ह्या सर्व्हरने परक्यांसाठी इतर डोमेनांचा शोध घेण्याचे काम करू नये. तसे केल्यास तिऱ्हाइतावर उत्तरांचा मारा करण्यासाठी त्याचा दुरुपयोग होतो.

दुसरी पायरी झोनच्या लेखनाची. झोनच्या आरंभी एसओए नावाची अधिकारनोंद असते. तीत मुख्य नेमसर्व्हरचे नाव, जबाबदार व्यक्तीचा ईमेल पत्ता, अनुक्रमांक व चार कालावधी दिलेले असतात. त्यानंतर दोन्ही नेमसर्व्हरच्या एनएस नोंदी, त्यांच्या पत्त्यांच्या ए नोंदी, संकेतस्थळाचा पत्ता व टपालासाठीची एमएक्स नोंद येते. एनएस व एमएक्स नोंदींत दिलेले नाव हे उपनाम, म्हणजे सीनेम नोंद, असता कामा नये. असा स्पष्ट निर्बंध १९९७ च्या आरएफसी २१८१ मध्ये आहे.

येथे विरामचिन्हाचा एक विशेष सांगण्यासारखा आहे. झोनच्या लेखनात नावाच्या अखेरीस बिंदू दिला, तर ते नाव पूर्ण समजले जाते, कारण तो अखेरचा बिंदू मुळाचा निर्देश करतो. बिंदू वगळल्यास ते नाव सापेक्ष समजले जाऊन त्याच्यापुढे झोनचे नाव आपोआप जोडले जाते. त्यामुळे ‘एनएस१.उदाहरण.परीक्षा’ असे पूर्णविरामावाचून लिहिलेले नाव ‘एनएस१.उदाहरण.परीक्षा.उदाहरण.परीक्षा’ असे वाचले जाते. गद्यात राहून गेलेला पूर्णविराम वाचक मनाने भरून काढतो. यंत्र तसे करीत नाही.

तिसरी पायरी दुय्यम सर्व्हरची. झोनचे लेखन एनएस१ वर करावे आणि एनएस२ ने त्याची प्रत घ्यावी, ही रूढ पद्धत आहे. प्रत घेण्याची परवानगी एनएस२ च्या पत्त्यापुरतीच द्यावी. प्रत जुनी झाली की नाही, हे एनएस२ अनुक्रमांकावरून ठरवितो. म्हणून झोनमध्ये कोणताही बदल केल्यावर अनुक्रमांक वाढविणे अत्यावश्यक आहे. वर्ष, महिना, दिवस व त्या दिवसाचा दोन अंकी क्रम असे दहा अंक लिहिण्याची रीत सोयीची आहे, जसे २०२५०६१५०१. अनुक्रमांक वाढविण्याचे राहिले, तर एनएस१ नवे सांगतो, एनएस२ जुनेच सांगत राहतो आणि एकाच प्रश्नास दोन आप्तांची दोन उत्तरे मिळू लागतात.

चौथी पायरी पडताळणीची. अद्याप वरच्या स्तरावर काहीही बदललेले नसताना ‘डिग’ ह्या साधनाने दोन्ही यंत्रांना त्यांच्या अंकरूप पत्त्यावर थेट प्रश्न विचारावा. उत्तरात ‘एए’ ही अधिकृततेची खूण असावी आणि दोन्ही सर्व्हरचे अनुक्रमांक सारखे यावेत.

पाचवी पायरी रजिस्ट्रारकडील. तेथे प्रथम एनएस१ व एनएस२ ह्यांची पत्त्यांसह नोंद करावी. हीच ग्लूची नोंद होय. रजिस्ट्रार तिला कोठे ‘होस्ट’, कोठे ‘चाइल्ड नेमसर्व्हर’, तर कोठे ‘प्रायव्हेट नेमसर्व्हर’ म्हणतात. त्यानंतर डोमेनचे नेमसर्व्हर म्हणून ही दोन नावे भरावीत. डोमेनवर डीएनएससेक ह्या पद्धतीची स्वाक्षरी असेल, तर वरच्या स्तरावरील डीएस नोंद व नव्या सर्व्हरवरील किल्ल्या परस्परांशी जुळतात की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. त्या न जुळल्यास स्वाक्षरी तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर खोटे ठरवून नाकारतात आणि संकेतस्थळ सुस्थितीत असूनही अदृश्य होते.

शेवटची पायरी पुन्हा पडताळणीची. ह्या वेळी प्रश्न मुळापासून खाली, प्रत्येक स्तराला क्रमाने विचारावा, म्हणजे वरच्या स्तराचे सांगणे व खालच्या स्तराचे सांगणे जुळते की नाही, हे कळते.

७. ‘प्रसार’ की विस्मरण?

नेमसर्व्हर बदलल्यानंतर बदल जगभर पसरण्यास २४ ते ४८ तास लागतात, असे सर्रास सांगितले जाते. ह्या प्रक्रियेस ‘प्रॉपगेशन’, म्हणजे प्रसार, असा शब्द रूढ आहे. हा शब्द वस्तुस्थितीचा विपर्यास करतो. नवी नोंद कोठेही पसरत नाही. कोणीही ती रिझॉल्व्हरांकडे धाडीत नाही. घडते ते उलट. प्रत्येक रिझॉल्व्हरने जुने उत्तर ठराविक काळापुरते स्मरणात ठेवलेले असते आणि तो काळ संपला म्हणजे तो ते विसरून पुन्हा विचारतो. तेव्हा ह्या प्रक्रियेस प्रसार म्हणण्यापेक्षा विस्मरण म्हणणे अधिक यथार्थ होईल.

स्मरणाच्या ह्या मुदतीस टीटीएल म्हणतात व ती सेकंदांत लिहिली जाते. ८६,४०० म्हणजे एक दिवस. ‘कॉम’ ह्या शिरोनामाकडून मिळणाऱ्या सोपवणीच्या नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते. ४८ तासांच्या समजुतीचा उगम अशाच मुदतींत आहे. ह्या भेदातून व्यवहाराचे दोन नियम निष्पन्न होतात. आपल्या झोनमधील नोंदी बदलावयाच्या असतील, तर त्यांची मुदत बदलापूर्वी दोन-तीन दिवस आधी घटवून ३०० सेकंदांसारखी अल्प करावी. आणि वरच्या स्तराची मुदत संस्थेच्या हाती नसल्यामुळे, नेमसर्व्हर बदलल्यावर जुना सर्व्हर ती मुदत संपेपर्यंत योग्य उत्तरांसह चालू ठेवावा. बदल होताच जुने यंत्र बंद करणे ही ह्या कामातील सर्वांत महागात पडणारी घाई होय.

अभावाचेही स्मरण राहते, हे विशेषच म्हटले पाहिजे. नोंद करण्यापूर्वीच कोणी त्या नावाची विचारणा केली, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर स्मरणात ठेवतो. त्याची मुदत अधिकारनोंदीतील शेवटच्या आकड्यावरून ठरावी, असे १९९८ च्या आरएफसी २३०८ ने निश्चित केले. म्हणून नोंद झाली की नाही, हे नोंदीपूर्वीच पुनःपुन्हा पाहण्याची उत्सुकता विलंबास कारणीभूत होते.

८. दोन नावे आणि एक यंत्र

किमान दोन नेमसर्व्हर असावेत, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. तो शब्दशः पाळण्यासाठी कित्येकदा एकाच यंत्रास दोन पत्ते देऊन एनएस१ व एनएस२ अशी दोन नावे ठेवली जातात. नोंदीत दोन नावे दिसतात, परंतु नामी एकच असतो. तो बंद पडला म्हणजे दोन्ही नावे एकदम मुकी होतात. नेमसर्व्हर भौगोलिक दृष्ट्या व जाळ्यांच्या दृष्टीनेही विभक्त असावेत, अशी शिफारस १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये केलेली आहे.

ह्या शिफारशीकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम २००१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत दिसून आला. त्या कंपनीचे चारही नेमसर्व्हर एकाच जाळ्यावर होते. त्या जाळ्याच्या राउटरच्या रचनेत केलेल्या एका चुकीच्या बदलामुळे जवळजवळ एक दिवस तिच्या संकेतस्थळांची नावे उत्तरेनाशी झाली. ती संकेतस्थळे ज्या यंत्रांवर होती, ती यंत्रे मात्र सुरळीत चालू होती.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यावर देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या डेटा सेंटरांमधील संपर्क तुटला. तिचे नेमसर्व्हर निरनिराळ्या ठिकाणी होते व स्वतः बिघडलेले नव्हते. परंतु डेटा सेंटरांशी संपर्क तुटल्यास जगास आपल्याकडे येण्याचा मार्ग जाहीर करणे थांबवावे, अशी त्यांची रचना होती. ती सर्वांनी एकाच वेळी पाळली आणि सुमारे सहा तास फेसबुकची नावे जगातून पुसल्यासारखी झाली. यंत्रे अनेक असली, तरी त्यांच्या अपयशाचे कारण एक असेल, तर त्यांची अनेकता नाममात्र ठरते, हा ह्या घटनेचा निष्कर्ष होय.

९. देवनागरी नावे आणि मराठीचा एक प्रश्न

मराठी संशोधनसंस्थांच्या दृष्टीने ह्या विषयास आणखी एक अंग आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘.भारत’ हे देवनागरी शिरोनाम सर्वांसाठी खुले झाले आणि मराठी नाव मराठी लिपीत नोंदविणे शक्य झाले. परंतु नेमसर्व्हरच्या व्यवहारात आजही रोमन अक्षरे, अंक व योगचिन्ह एवढ्यांचाच वापर होतो. म्हणून देवनागरी नाव प्यूनीकोड नावाच्या पद्धतीने रोमन रूपात बदलले जाते. २००३ च्या आरएफसी ३४९२ मध्ये सिद्ध झालेल्या ह्या पद्धतीत ‘भारत’ ह्याचे रूप ‘एक्स्, एन्, दोन योगचिन्हे, एच्, २, बी, आर्, जे, ९, सी’ असे होते. झोनचे लेखन करताना व ग्लूची नोंद करताना हेच रूप वापरावे लागते. नावाचा एक खंड ६३ वर्णांहून लांब असू नये, हा नियम ह्या रोमन रूपास लागू असतो; त्यामुळे देवनागरीत आटोपशीर दिसणारे नावही कधी मर्यादेबाहेर जाऊ शकते.

प्रश्न उद्भवतो तो मराठीच्या विशिष्ट वर्णभेदामुळे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी मराठी ध्वनिविचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. पहिल्यातील रफार व दुसऱ्यातील अर्धा र ह्यांवर गुरू आणि स्वयंपाकी ह्यांचा भेद अवलंबून आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन. आणि दोन, साधा ‘र’ घेऊन हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. वाचकाच्या डोळ्यास दोन्ही रूपे एकच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत. त्यातही २००३ च्या नियमांनुसार ते अदृश्य चिन्ह रूपान्तराच्या वेळी गाळले जाई. म्हणजे दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला आचारी नेमसर्व्हरपर्यंत पोहोचेतो आचार्य होत असे. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर हे चिन्ह मान्य केले. तथापि एखादे रूप नोंदीस स्वीकारावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या शिरोनामाच्या नोंदणीसंस्थेकडे असतो. तेव्हा अर्धा र असलेले नाव घेणाऱ्या संस्थेने ते कोणत्या वर्णक्रमाने नोंदले गेले, हे पाहूनच झोनचे लेखन करावे. मराठीच्या वर्णव्यवस्थेचे ज्ञान आणि नेमसर्व्हरची उभारणी ह्यांचा असा प्रत्यक्ष संबंध येतो.

१०. उपसंहार

स्वतःचा नेमसर्व्हर प्रत्येक संस्थेने उभारावाच, असा निष्कर्ष ह्या विवेचनातून निघत नाही. ज्या विभागाचे एकच डोमेन आहे व ज्याच्याकडे यंत्रांची देखभाल करणारा माणूस नाही, त्याने होस्टिंग कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या नेमसर्व्हरवर विसंबणे अधिक सुरक्षित होय. अनेक डोमेने सांभाळणाऱ्या संस्थेस निदान नाव स्वतःचे ठेवणे हिताचे आहे. यंत्रेही स्वतःची ठेवावयाची असतील, तर ती दोन स्वतंत्र जाळ्यांवर ठेवण्याची आणि त्यांची उत्तरे नियमाने तपासण्याची तयारी असली पाहिजे.

कोणताही मार्ग पत्करला, तरी काही गोष्टी समानच राहतात. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर असावी, व्यक्तीच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत असावी. ग्लूमधील पत्ते, झोनची प्रत आणि रजिस्ट्रारकडील प्रवेशाची व्यवस्था ह्यांची लेखी टिपणे एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींकडे असावीत. संकेतावर आधारलेले नाव टिकते ते संकेत पाळणारा समाज टिकतो तोवर, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावे लागत नाही. जालावरील नावांच्या बाबतीत हा समाज म्हणजे नोंदी ठेवणारी व त्या वेळच्या वेळी तपासणारी मूठभर माणसे होत. एखाद्या बोलीच्या ध्वनिमुद्रणांचा साठा पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकास तळटीपेतील नावावरून सापडावा, अशी इच्छा असेल, तर त्या माणसांची नेमणूक व त्यांच्या कामाची परंपरा हा संशोधनकार्याचाच एक भाग मानला पाहिजे.